इंग्रजी वाक्याचा सांधा

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका आणि मराठीतून इंग्रजीत केलेली भाषांतरे तपासताना गेल्या कित्येक वर्षांत एकच वाक्य मला नाना रूपांत भेटत आले आहे. ‘द बस वॉज लेट, वी मिस्ड द ट्रेन.’ शब्द बरोबर, काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर. मधला स्वल्पविराम तेवढा चूक. बस उशिरा आली हे एक पूर्ण वाक्य आणि गाडी चुकली हे दुसरे. दोन पूर्ण वाक्यांचा भार एकट्या स्वल्पविरामावर टाकायचा नाही, असा इंग्रजीचा नियम आहे. मी लाल शाईने त्या स्वल्पविरामाच्या डोक्यावर एक टिंब द्यायचे, त्याचा अर्धविराम व्हायचा आणि मी पुढची वही उघडायचे. पुढच्या वहीत तीच चूक असायची.

पुष्कळ दिवस मला हा मुलांचा निष्काळजीपणा वाटत होता. नंतर ध्यानात आले की ही चूक करणाऱ्यांत वर्गातली सर्वांत मन लावून लिहिणारी मुलेही आहेत. ती मराठीत विचार करत होती, आणि मराठीत ते वाक्य निर्दोष आहे. ‘बस उशिरा आली, आमची गाडी चुकली.’ यात कुणाला काही खटकणार नाही. मग तेच इंग्रजीत का खटकावे? टिंब देऊन मी चूक दुरुस्त करत होते, पण या प्रश्नाचे उत्तर मी कुणाला देत नव्हते. ते शोधताना जी टिपणे झाली, त्यांतून हे पुस्तक उभे राहिले. पुस्तकात इंग्रजी उदाहरणे रोमन लिपीत आहेत. या प्रस्तावनेत मात्र ती मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचली तरी चिन्हाचे काम कळते.

उत्तर वाक्याच्या घडणीत आहे. मराठी वाक्याच्या शेवटी सहसा क्रियापद येते. ‘आली’, ‘चुकली’, ‘होते’, ‘नाही’ असा शब्द कानावर पडला की वाक्य पुरे झाले हे वाचकाला सांगावे लागत नाही. क्रियापद हा मराठी वाक्याच्या वेशीवरचा राखणदार आहे. मोडीतले जुने कागद पाहावेत: दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हांचा पत्ता नाही, तरीही कारकुनांनी ते शतकानुशतके लिहिले आणि वाचले. वाक्याची हद्द त्यांना भाषाच दाखवत होती. म्हणून आज आपण तिथे स्वल्पविराम दिला, पूर्णविराम दिला किंवा काहीच दिले नाही, तरी अर्थाचे फारसे बिघडत नाही.

इंग्रजीत क्रियापद कर्त्याला चिकटून मध्येच येते, आणि त्याच्यामागून कर्म, स्थळ, काळ यांची रांग लागते. ‘वी मिस्ड द ट्रेन’ इथे वाक्य संपले असेल किंवा पुढे ‘ॲट मिरज’ आणि त्याहीपुढे ‘ऑन मंडे’ असेल. वाक्य संपल्याची खूण कोणत्याही शब्दात नाही. ती खूण चिन्हालाच द्यावी लागते. ‘द बस वॉज लेट, ऑन मंडे, वी मिस्ड द ट्रेन’ हे वाक्य पाहा. सोमवारी काय झाले? बस उशिरा आली की गाडी चुकली? दोन्ही स्वल्पविराम गप्प आहेत. ‘द बस वॉज लेट; ऑन मंडे, वी मिस्ड द ट्रेन’ असे लिहिले की सोमवार गाडीच्या वाट्याला जातो. ‘द बस वॉज लेट ऑन मंडे; वी मिस्ड द ट्रेन’ असे लिहिले की तो बसच्या वाट्याला येतो. आता मराठीत म्हणा: ‘बस उशिरा आली, सोमवारी आमची गाडी चुकली.’ ‘आली’ या क्रियापदाने पहिले वाक्य आधीच बंद केले आहे, त्यामुळे ‘सोमवारी’ मागे सरकूच शकत नाही. मराठीत जे काम क्रियापद करते, त्यातले बरेचसे इंग्रजीत विरामचिन्ह करते. मराठी माणसाने इंग्रजी लिहिताना चिन्हांकडे अधिक लक्ष द्यायचे ते याच कारणासाठी.

अर्धविराम ज्या रूपात आज छापला जातो, ते व्हेनिसमध्ये घडले. पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आल्डस मनुटियस या छापखानदाराने पिएत्रो बेंबो या तरुण विद्वानाचे एटना ज्वालामुखीच्या चढाईवरचे छोटे लॅटिन पुस्तक छापले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने नवे टाइप कोरले, आणि स्वल्पविरामाहून जड पण अपूर्णविरामाहून हलके असे एक चिन्ह त्या पानांवर आले. खाली स्वल्पविराम, वर टिंब. त्या काळच्या विद्वानांना ग्रीक आणि रोमन लेखकांसारखी लांब, अनेक मजली वाक्ये लिहायची होती, आणि मजल्यामजल्यांमध्ये जिने हवे होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चिन्ह इंग्लंडच्या छापखान्यांत पोचले आणि पुढच्या दोन शतकांत इंग्रजी गद्याचा कणा झाले.

या प्रवासात एक गैरसमजही त्याला चिकटला. १७६२ साली बिशप रॉबर्ट लाउथ यांचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यात विरामांचे गणित होते: स्वल्पविरामाच्या दुप्पट थांबा अर्धविरामाला, त्याच्या दुप्पट अपूर्णविरामाला, त्याच्या दुप्पट पूर्णविरामाला. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याच्या काळात हे सोयीचे होते. आपल्या शाळांत आजही बहुधा हेच शिकवले जाते, ‘इथे थोडे थांबा, इथे जास्त थांबा’. मराठीतली नावेसुद्धा थांबण्यावरूनच पडली आहेत: स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम. त्यामुळे विद्यार्थी वाक्य मनात वाचतो, कुठे दम घ्यावासा वाटतो ते पाहतो आणि तिथे चिन्ह ठेवतो. दम कुणाचा किती टिकतो याला नियम नाही, म्हणून चिन्हालाही नियम राहत नाही. या पुस्तकाचे सांगणे याच्या नेमके उलट आहे. अर्धविरामाचे नाव विराम असले तरी त्याचे काम सांध्याचे आहे. किती थांबायचे याचा विचार सोडावा आणि काय कशाला जोडले आहे ते पाहावे.

मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले हे सहकारी, पुण्यात शिक्षणखात्यात आणि भाषांतराच्या कामात त्यांचे आयुष्य गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी मराठी क्रमिक पुस्तकांत इंग्रजीची चिन्हे आणली. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या हातात ती आली. डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी सुरू केलेले भाषांतर पुरे करणारे आणि जॉन्सनवर स्वतंत्र निबंध लिहिणारे विष्णुशास्त्री जॉन्सनच्या तोलदार, दुपाखी वाक्यांच्या शाळेतच शिकले होते. ‘निबंधमाले’तले लांब मराठी वाक्य त्या शाळेची खूण बाळगते. अर्धविराम आपल्याला परका नाही, तो दीडशे वर्षांहून अधिक काळ आपल्या घरात आहे. फक्त मराठीत तो पाहुण्यासारखा मानाने बसून राहिला, कारण त्याच्यावाचून आपले अडत नव्हते. इंग्रजीत त्याच्यावाचून अडते.

आता त्याची कामे पाहू. ती तीनच आहेत.

पहिले काम दोन पूर्ण वाक्ये जोडण्याचे. ‘द बस वॉज लेट. वी मिस्ड द ट्रेन.’ असे दोन पूर्णविराम देऊन लिहिता येते. मग घटना सुट्या होतात आणि त्यांचा संबंध वाचकाने लावायचा. ‘द बस वॉज लेट, सो वी मिस्ड द ट्रेन’ असेही लिहिता येते. मग ‘सो’ हा शब्द संबंध उघड सांगतो. या दोहोंच्या मध्ये अर्धविराम उभा आहे: ‘द बस वॉज लेट; वी मिस्ड द ट्रेन.’ कारण कोणते आणि परिणाम कोणता हे लेखक सांगत नाही, पण ही दोन वाक्ये एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत एवढे नक्की सांगतो. तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कोणते निवडायचे हे लेखकाला काय म्हणायचे आहे त्यावर ठरते, आणि म्हणूनच हे चिन्ह लेखकाकडून निर्णय मागते. ही दोन वाक्ये खरोखर एकमेकांची आहेत का? दोन्हींचे वजन सारखे आहे का? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील तरच अर्धविराम द्यावा. एक वाक्य पावसाबद्दल आणि दुसरे परीक्षेच्या फीबद्दल असेल, तर व्याकरण चालवून घेईल पण वाचक बुचकळ्यात पडेल. ‘शी केम, शी सँग, शी लेफ्ट’ अशी अगदी छोटी, एका साच्याची तीन-चार वाक्ये असतील तर इंग्रजीही स्वल्पविराम चालवून घेते. ही सवलत तेवढ्यापुरतीच आहे.

याच कामाची एक शाखा मराठी माणसाला सर्वांत जास्त फसवते. ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ या दोन्ही शब्दांचे मराठी आपण ‘पण’ असे करतो आणि दोघांना एकाच दावणीला बांधतो. इंग्रजीत त्यांच्या जाती वेगळ्या आहेत. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे; ते दोन वाक्ये स्वतः जोडते, त्याला आधी स्वल्पविराम पुरतो. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण आहे. ते वाक्याच्या आत बसते, जोडण्याची ताकद त्यात नाही. म्हणून ‘द रोड वॉज नॅरो, बट द बस वेंट थ्रू’ हे बरोबर, आणि ‘द रोड वॉज नॅरो, हाउएव्हर द बस वेंट थ्रू’ हे चूक. तिथे जोडणारा सांधा वेगळा द्यावा लागतो: ‘द रोड वॉज नॅरो; हाउएव्हर, द बस वेंट थ्रू.’

हा फरक मराठीतून समजून घ्यायचा असेल तर ‘हाउएव्हर’साठी ‘पण’ हा शब्द सोडून ‘मात्र’ घ्यावा. ‘रस्ता अरुंद होता, बस मात्र गेली.’ ‘मात्र’ वाक्याच्या पोटात बसतो, जागा बदलतो, पण दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहून त्यांचे हात जुळवत नाही. ‘हाउएव्हर’चा स्वभाव असाच आहे. तोही पोटात शिरू शकतो: ‘द रोड वॉज नॅरो; द बस, हाउएव्हर, वेंट थ्रू.’ शब्द सरकला, अर्धविराम मात्र दोन वाक्यांच्या मध्ये जिथल्या तिथे राहिला. एवढ्यावरून कळते की तो ‘हाउएव्हर’साठी आलेलाच नव्हता, तो सांध्यासाठी आला होता. ‘द बस, हाउएव्हर, वॉज लेट’ यात वाक्य एकच आहे, म्हणून अर्धविरामाचे काम नाही. ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’ हे सारे याच जातीचे. ज्याला शब्दांची यादी पाठ आहे तो एखादे दिवशी चुकेल. ज्याला ‘पण’ आणि ‘मात्र’ यांतला फरक उमगला तो सहसा चुकणार नाही.

दुसरे काम यादीचे. यादीतल्या वस्तूंमध्ये स्वल्पविराम द्यायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. पण वस्तूच्या आतच स्वल्पविराम असेल तर? ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट जेजुरी, पुणे डिस्ट्रिक्ट, कराड, सातारा डिस्ट्रिक्ट, अँड मिरज, सांगली डिस्ट्रिक्ट’ असे लिहिले तर पुणे-मिरज मार्गाची माहिती नसलेला वाचक स्टेशने मोजताना गोंधळेल. ‘जेजुरी, पुणे डिस्ट्रिक्ट; कराड, सातारा डिस्ट्रिक्ट; अँड मिरज, सांगली डिस्ट्रिक्ट’ असे लिहिले की तीन स्टेशने तीन कप्प्यांत नीट बसतात. घरातल्या भिंती आणि खोलीतले पडदे वेगळे असावेत, तसे हे आहे.

याचे सर्वोत्तम उदाहरण आपल्या शाळेच्या भिंतीवर टांगलेले असते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या भारतीय संविधानाची उद्देशिका हे एकच वाक्य आहे. इंग्रजीत न्याय हा शब्द येतो आणि त्याच्यामागे सामाजिक, आर्थिक, राजकीय अशी तीन विशेषणे स्वल्पविरामांनी येतात, मग अर्धविराम. स्वातंत्र्य येते, त्याच्यामागे विचारापासून उपासनेपर्यंत पाच गोष्टी, मग अर्धविराम. समानता येते, दर्जाची आणि संधीची, पुन्हा अर्धविराम. शेवटी बंधुता. सगळीकडे स्वल्पविरामच दिले असते तर कोणती मूल्ये आणि कोणते त्यांचे तपशील हे वाक्यरचनेवरून कळले नसते. अर्धविरामांनी ती मूल्ये समान उंचीवर उभी केली आणि एकाच वाक्यात ठेवली.

अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडात तर एका शब्दाचा हिशेबही सापडतो. तिथे नागरिकांची स्वातंत्र्ये एकाखाली एक येतात. शेवटचे सोडून प्रत्येकाच्या शेवटी अर्धविराम, आणि शेवटून दुसऱ्याच्या अर्धविरामापुढे ‘अँड’. मूळ मसुद्यात हा ‘अँड’ मालमत्तेच्या स्वातंत्र्यानंतर होता. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचे ते कलम वगळले, आणि त्याच्याबरोबर तो ‘अँड’ही गेला. म्हणून त्याच दुरुस्तीने आधीच्या, वास्तव्याच्या स्वातंत्र्यानंतर ‘अँड’ हा शब्द स्वतंत्रपणे घातला. २० जून १९७९ पासून तो तिथे आहे. देशाच्या संसदेने एका जोडशब्दासाठी तरतूद केली, कारण यादीचा सांधा निखळलेला चालत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचे गुंतागुंतीचे विचार सोप्या, स्पष्ट कायदेशीर भाषेत मांडण्याच्या हातोटीसाठी जाहीर कौतुक केले होते. ती हातोटी म्हणजे काय, ते अशा जागी दिसते.

हे चिन्ह चुकले तर किती मोठा फरक पडतो, याचा दाखला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदांत आहे. ८ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाची सनद केली. नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्ग खटला तिच्यावर उभा राहायचा होता. तिच्या सहाव्या अनुच्छेदात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची व्याख्या होती. आधी नागरिकांची हत्या, गुलामगिरी, हद्दपारी अशी कृत्ये, युद्धापूर्वीची किंवा युद्धकाळातली. मग वंश, धर्म आणि राजकीय मतांवरून केलेला छळ. आणि शेवटी एक अट, की हे न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या अन्य गुन्ह्यांशी निगडित असावे. इंग्रजी आणि फ्रेंच मसुद्यांत पहिल्या भागानंतर अर्धविराम होता, रशियन मसुद्यात स्वल्पविराम. अर्धविराम धरला तर अट फक्त छळाला लागू होते आणि पहिला भाग मोकळा राहतो. स्वल्पविराम धरला तर अट साऱ्या व्याख्येला बांधली जाते.

विसंगती लक्षात आली तेव्हा चारही राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी ६ ऑक्टोबर १९४५ रोजी बर्लिनमध्ये स्वतंत्र करारपत्र केले. रशियन पाठ बरोबर आहे, इंग्रजीतला अर्धविराम काढून स्वल्पविराम घालावा, आणि फ्रेंच पाठ त्याप्रमाणे बदलावा, एवढाच त्या करारपत्राचा विषय होता. १९४६ च्या निकालात न्यायाधिकरणाने जर्मनीतली १९३९ पूर्वीची कृत्ये भीषण होती हे मान्य केले. पण त्यांचा युद्धाच्या गुन्ह्यांशी संबंध सिद्ध झाला नाही, म्हणून सनदेच्या अर्थाने ती मानवतेविरुद्धचे गुन्हे आहेत असे सरसकट म्हणता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्या राष्ट्रांना काय हवे होते ते त्यांच्या मनात आधीच होते; कागदावर ते एका टिंबाने ठरले. वर्गात हा प्रसंग सांगितल्यावर ‘एवढ्याशा चिन्हाने काय होते’ असे मला पुन्हा कुणी विचारलेले नाही.

तिसरे काम दुसऱ्याचेच मोठे रूप आहे: लांब खंडांना एका वाक्यात धरून ठेवणे. १६ एप्रिल १९६३ ही तारीख घातलेले, अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले मार्टिन ल्यूथर किंग यांचे पत्र जगप्रसिद्ध आहे. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाला धीर धरण्याचा सल्ला दिला होता. त्याला उत्तर देताना किंग यांनी तीनशेहून अधिक शब्दांचे एक वाक्य लिहिले. ‘जेव्हा तुम्ही’ अशा सुरुवातीचे खंड एकामागून एक येतात. जमावाने केलेल्या हत्या, पोलिसांची मारहाण, करमणुकीच्या बागेत आपल्याला प्रवेश का नाही असे विचारणारी सहा वर्षांची मुलगी, हॉटेलात खोली मिळत नाही म्हणून गाडीत काढलेल्या रात्री. प्रत्येक खंडानंतर अर्धविराम. मुख्य वाक्य येतच नाही. वाचक वाट पाहतो, आणखी वाट पाहतो, आणि अखेरीस ते आल्यावर त्याला कळते की या माणसांना थांबा म्हणणे म्हणजे काय. तिथे पूर्णविराम दिले असते तर प्रत्येक वाक्यानंतर वाचकाला सुटका मिळाली असती. किंग यांनी ती सुटका दिली नाही. व्याकरणाच्या नियमातून इतकी नैतिक ताकद उभी राहू शकते, हे मला या वाक्याने शिकवले.

आता अर्धविराम कुठे देऊ नये ते. त्याच्या एका बाजूला अपुरे वाक्य ठेवू नये. ‘बिकॉज द बस वॉज लेट; वी मिस्ड द ट्रेन’ हे चूक, कारण पहिला तुकडा एकटा उभा राहू शकत नाही, तिथे स्वल्पविराम हवा. यादीची नांदी त्याने करू नये. ‘खालील वस्तू आणा’ असे म्हटल्यावर इंग्रजीत अपूर्णविराम येतो. मराठीत अपूर्णविराम विसर्गासारखा दिसतो, म्हणून आपण त्याच्यापुढे आडवी रेघ ओढतो. ती रेघ इंग्रजीत नेऊ नये. पत्राच्या मायन्यानंतर तो देऊ नये. त्याच्यापुढचे अक्षर, विशेषनाम किंवा ‘आय’ नसेल तर, लहान लिपीतले असावे; देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने ही गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. अवतरणचिन्ह असेल तर अर्धविराम त्याच्या बाहेर बसतो, आणि या बाबतीत ब्रिटिश व अमेरिकन पद्धतींत भेद नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना. सी किंवा जावा शिकताना अर्धविराम त्यांच्या बोटांत भिनलेला असतो. तिथे तो विधान संपल्याचे सांगतो. तो विसरला की प्रोग्राम चालत नाही. इंग्रजी गद्यात त्याचा अर्थ उलटा आहे: विधान संपले, पण विचार चालू आहे. परिच्छेदाच्या शेवटी अर्धविराम ठेवलेले अर्ज मी पाहिले आहेत. त्यामागची सवय समजते, पण ती मोडायला हवी.

हे चिन्ह वापरूच नये असे मानणारेही आहेत. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांनी नवोदित लेखकांना ते टाळायला सांगितले. दुसरीकडे व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२५ सालच्या ‘मिसेस डॅलोवे’मध्ये मनातल्या विचारांचा ओघ बराचसा अर्धविरामांवरच तरंगतो. माझे मत स्पष्ट आहे. टाळण्याचा अधिकार ज्याला वापरता येते त्याला आहे. ज्याला वापरता येत नाही तो टाळतो तेव्हा त्याच्या इंग्रजीत दोनच पर्याय उरतात: तुटक वाक्ये किंवा चुकीचा स्वल्पविराम. आणि ज्याला नुकताच वापरता येऊ लागला आहे त्याने हात आखडता ठेवावा. एका परिच्छेदात दोनतीन अर्धविराम आले की प्रत्येकाचे वजन कमी होते.

या पुस्तकातली प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत: आधी पूर्ण वाक्य ओळखणे, मग दोन वाक्यांचा सांधा, मग ‘हाउएव्हर’ची जात, मग याद्या, शेवटी कायद्याची आणि साहित्याची भाषा. प्रत्येक प्रकरण मराठी वाक्यापासून सुरू होते. आपली मुले तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकली, ती मराठीचा हात धरूनच. मराठी विसरून इंग्रजी शिका असा सल्ला मला कधीच पटला नाही. आपली भाषा कुठे वेगळी वागते हे ज्याला नेमके ठाऊक आहे, तो परक्या भाषेत कमी चुकतो.

पुस्तक वाचताना एक कसोटी जवळ ठेवा. अर्धविराम दिला की त्याच्या डावीकडचा भाग झाकून उजवीकडचा वाचा, मग उजवीकडचा झाकून डावीकडचा. दोन्ही भाग आपापल्या पायांवर उभे राहिले, तर चिन्ह शुद्ध आहे. मग दोन्ही एकत्र वाचा आणि स्वतःला विचारा: यांना एकमेकांची गरज आहे का? यादी असेल तर एवढेच पाहा, की प्रत्येक कप्प्यात एकच वस्तू आहे ना.

आज रात्री आपलाच एखादा जुना इंग्रजी अर्ज, पत्र किंवा निबंध काढा. त्यातले सगळे स्वल्पविराम या कसोटीवर घासून पाहा, आणि जिथे दोन पूर्ण वाक्ये एका स्वल्पविरामावर लोंबकळत असतील तिथे त्याच्या डोक्यावर एक टिंब द्या. ते टिंब का दिले हे शेजारच्याला मराठीत समजावून सांगता आले, की हे पुस्तक तुमच्या कामी आले असे मी समजेन.